माळ्यावर जुने सामान, किंमत शून्य

३ ऑगस्ट, रविवार

आज स्वतःच्या घरात राहायला आलो. कंपनीनं दिलेली ही डायरी सात महिने कोरी पडली होती, तिचाही मुहूर्त आजच केला. मुहूर्तावरून आठवलं, चातुर्मासात गृहप्रवेश करत नाहीत असं आईनं वाटूरहून चार वेळा फोन करून बजावलं. मी म्हटलं, तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो, पण तोवरचं खोलीभाडं देवानं भरावं. भाडं साडेसात हजार आणि घराचा हप्ता बारा हजार नऊशे. दोन्ही एकदम भरणारा माणूस एकतर अडत्या असतो, नाहीतर मूर्ख. मी दोन्ही नाही.

घर झकास आहे. मंठा रोडला नवी कॉलनी आहे, त्यात शेवटून दुसरं. पुढं हॉल, मागं स्वयंपाकघर, बाजूला बेडरूम, हॉलवर सिमेंटचा माळा, वर गच्ची. बोअरला पाणी आहे, म्हणजे नळ दहा दिवसांनी आला काय आणि पंधरा दिवसांनी आला काय, आपलं काही अडत नाही. वर्षाराणीनं उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, दूध उतू घातलं आणि खिडकीत उभी राहून उगाच हसली. बारा वर्षांच्या संसारात बायकोला फुकटात हसवण्याचा योग पहिल्यांदाच आला.

मला हे घर नवं नाही. जानेवारीत ते मीच सील केलं होतं. घरकर्ज देणाऱ्या कंपनीत मी वसुली अधिकारी आहे. हप्ते थकले की ताबा घ्यायचा, पंचनामा लिहायचा, कुलूप घालून त्यावर लाख ओतायची, हा माझा धंदा. आजवर शंभरावर घरं सील केली आणि त्यात एकही दुर्दैवी माणूस मला भेटला नाही. भेटले ते सगळे हौशी. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे चौथीतल्या पोराला कळतं, यांना कळत नाही.

इथला कडूबा त्यांच्यातलाच. सळईच्या कारखान्यात कामाला, पगार अठरा हजार, हप्ता अकरा. कारखान्यानं पाळ्या कमी केल्या आणि गडी आडवा झाला. ताब्याच्या दिवशी त्याची आई वारून सहा दिवस झाले होते. सामान काढायला मी दोन तास दिले, नियमात एकच बसतो. त्याच्या बायकोनं, उषाबाईनं, झाडू-खराट्यापर्यंत सगळं काढलं आणि माळ्यावरच्या पेटीपाशी येऊन अडली. म्हणे पेटीत देव आहेत आणि आम्हाला सुतक आहे, शिवता येत नाही. आठ दिवस द्या, नाहीतर तुम्हीच उतरवून ओट्यावर ठेवा, तुम्हाला सुतक न्हाई. मी काय हमाल आहे? पाच वाजत आले होते. पंचनाम्यात लिहिलं, ‘माळ्यावर जुने सामान, किंमत शून्य,’ आणि लाख ओतली.

लिलावात कंपनीच्या माणसाला बोली लावता येत नाही, म्हणून घर मेव्हण्याच्या, भारतच्या नावावर घेतलं. पंचविसाचं घर सोळा लाखांत पडलं. बारा लाखांचं बँकेचं कर्ज त्याच्या नावानं, हप्ता माझा. वरचे चार लाख वर्षाराणीचे दागिने गहाण टाकून आणि पगारावर उचल काढून उभे केले. लोक म्हणतील, आयत्या बिळावर नागोबा. म्हणू देत. बीळ रिकामं पडलं होतं.

६ ऑगस्ट, बुधवार

शेजारीपाजारी बघून घेतले. डावीकडच्यानं कर्जानं गाडी घेतली आहे आणि पेट्रोलला पैसे नाहीत म्हणून ती रोज धुतो. उजवीकडच्याच्या गच्चीवर तीन वर्षांपासून गज उभे आहेत, मजला काही चढत नाही. सगळी कॉलनी उद्याच्या पगारावर आज जेवते. यांच्यातली किती दारं पुढंमागं मलाच सील करावी लागतील, याचा चहा पिताना हिशेब करत होतो. करमणूक होते.

गोधड्या ठेवायला माळ्यावर चढलो तर ती पेटी. पत्र्याची, कडीला नाडा बांधलेला. आत लाल फडक्यात दोन मुखवटे आणि दोन इरकली साड्या. वर्षाराणीनं खालूनच हात जोडले. तिच्या माहेरी, केदारखेड्याला, भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. थोरली आणि धाकटी अशा दोघी बहिणी तीन दिवस माहेरपणाला येतात. आमच्या भावकीत ही चाल नाही, त्यामुळे मला त्यातलं विशेष कळत नाही. मला वजन कळतं.

थोरलीचा मुखवटा पितळेचा, जुना, नाक झिजलेलं. धाकटीचा चांदीचा, नवाकोरा. घरातल्या काट्यावर ठेवला, चारशे दहा ग्रॅम. इकडं हप्ते थकलेले आणि तिकडं चांदी घडवणं चाललेलं. ऋण काढून सण म्हणतात तो हा.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उषाबाई येऊन गेली. पायरीखालीच उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाही. स्टेशनमागं एका खोलीत राहतात, ती बियाण्याच्या गोदामात निवडायला जाते. हातांना बियांच्या औषधाचा गुलाबी रंग लागलेला होता. तिनं विनवलं, साहेब, घर गेलं त्याचं काही न्हाई, पण आमच्या लक्ष्म्या माळ्यावर राह्यल्या, सण जवळ आला, तेवढ्या द्या. सात महिने कंपनीत खेटे मारून राह्यली म्हणे, कुणी दाद देत नाही.

मी सांगितलं, माळ्यावर काही नव्हतं. पंचनाम्यात लिहिलंय, सही तुझ्याच नवऱ्याची आहे. कागदापुढं माणूस गप्प होतो, हा माझा बारा वर्षांचा अनुभव.

ती गप्प झाली खरी, पण गेली नाही. मग खाली बघत म्हणाली की धाकटीचा मुखवटा घर झालं त्या साली नवसाचा केला, थोरलीचा पुढल्या साली करायचा होता, ती वाट बघून राह्यली. तुमच्यापाशी असल्या तर तुम्हीच बसवा, आमचं काही म्हणणं न्हाई. फक्त दोघींना तोडू नका. थोरली एकटी घरात येत न्हाई, तिला धाकटीच्या हाताला धरूनच आणावं लागतं. एकटी आली तर ती अक्काबाई. एवढं बोलून उंबऱ्याला हात लावला, कपाळाला लावला आणि निघून गेली.

अक्काबाई म्हणजे दळिद्राची देवता. तिचा फेरा आला की घर धुऊन निघतं म्हणतात. ज्यांचं घर आधीच धुऊन निघालंय त्यांनी दुसऱ्याला हे शिकवावं! दाराआड वर्षाराणी उभी होती.

११ ऑगस्ट, सोमवार

पहिला हप्ता परत गेला. दहाला खात्यात अकरा हजार होते, पाहिजे होते बारा हजार नऊशे. पगारावरची उचल आधी कापली जाते हे ध्यानातच नव्हतं. बँकेनं वर दंड लावला. भारतचा फोन आला, दाजी, कर्ज माझ्या नावावर हाय, पैशे जल्दी भरा, माझं नाव खराब होऊन राह्यलं. ज्याचं नाव गावात कुणाला माहीत नाही तो म्हणतो नाव खराब होतंय.

दुपारी सराफ्यात गेलो. चांदीची घट धरून, वट्टाव कापून सदतीस हजार हातात आले. खात्यातले अकरा धरून तिथल्या तिथं हप्ता, दंड आणि पुढच्या दोन हप्त्यांची सोय झाली. पितळेच्या मुखवट्याला तो हातही लावेना, भंगारवाल्याला द्या म्हणाला. तो मी परत पेटीत टाकला. वर्षाराणीला सांगितलं, चांदी घरात नको म्हणून ऑफिसच्या तिजोरीत ठेवलीय. शून्य किमतीच्या सामानातून सदतीस हजार काढायला डोकं लागतं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज एक चीड आणणारा प्रकार झाला. सुट्टी टाकून गॅसची जोडणी करून घेत होतो. बारा वाजता माणूस गेला, मी दार लावून आंघोळीला गेलो, वर्षाराणी गच्चीवर होती. बाहेर आलो तर हॉलमध्ये उंबऱ्यापासून आत तीन पावलं. पांढरी, तांदळाच्या पिठाची. बोटं घराच्या आतल्या बाजूला.

मला वाटलं वर्षाराणीनं काढली. तिला वाटलं मी चेष्टा केली. ती म्हणाली, सणाला पावलं काढतात ती मुठीनं उमटवतात, मुठीचा ठसा आणि वर बोटानं पाच टिपके. ही तशी नव्हती. ही खऱ्या पायाची होती. टाचेला भेगा होत्या, करंगळीजवळ जोडव्याची खूण होती.

उषाबाईकडं जुनी किल्ली असणार, एवढी अक्कल मला आहे. घाबरवून घर सोडायला लावायचा हा धंदा मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय. कुणी लिंबं टाकतं, कुणी बाहुल्या. फडकं मारून पुसलं आणि संध्याकाळी कुलूप बदललं. साडेसहाशे गेले.

१७ ऑगस्ट, रविवार

नवं कुलूप जागच्या जागी. किल्ल्या दोन्ही माझ्या खिशात. सकाळी अकराला आम्ही दोघं भाजी घेऊन आलो तर पावलं हॉल ओलांडून स्वयंपाकघरात गेलेली. ओट्यापाशी थांबून, मग गव्हाच्या कोठीपाशी. कोठीपुढं दोन्ही पावलं जवळ जवळ, जसं कुणी वाकून आत बघावं.

परत जातानाचं पाऊल एकही नाही.

वर्षाराणीनं कोठी उघडली. वाटूरचा गहू, मागच्याच महिन्यात आणलेलं पोतं. हात घातला तर नुसतं फोलपट. दाणा एक नाही. किडे नाहीत, पीठ नाही, टरफलं मात्र अख्खीच्या अख्खी. तांदळाच्या डब्यातही तेच, डाळीच्याही. मी भावाला फोन करून खूप झापलं, तुम्ही भावालाही फसवता म्हणून. तो बिचारा बराबर तोलून दिला, बराबर तोलून दिला, एवढंच म्हणत राहिला. किराण्याचा नवा खर्चा साडेचार हजार.

२० ऑगस्ट, बुधवार

वर्षाराणीला माझ्या शर्टाच्या खिशात सराफाची पावती सापडली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती म्हणाली की तिच्या माहेरी आवाहनाच्या संध्याकाळी दोघींचे मुखवटे दोन बाया हातात घेतात आणि उंबऱ्यापासून आत आणतात. मग सगळं घर दाखवतात. एक बाई प्रत्येक खोलीत विचारते, इथं काय हाय? दुसरीनं बोलायचं, इथं धान्याच्या राशी. इथं काय हाय? इथं दूधदुभतं. इथं काय हाय? इथं लेकीसुना. धाकटी घरातलं बघून हसते आणि थोरली तिच्याकडं बघून हसते, म्हणून घराला काही होत नाही. आता थोरली एकटीच आत आलीय. ती घर बघत नाही, बहिणीला शोधतेय. जिथं बहीण नाही तिथलं सगळं तिच्या लेखी रिकामं.

मी म्हटलं, छान, पितळेच्या तुकड्याला पाय फुटले. पदवीधर बाईनं असं बोलावं याची लाज वाटली पाहिजे. असं म्हणताना माझी नजर सारखी माळ्याकडं जात होती हेही लिहून ठेवतो. पंचनाम्याची सवय, जे दिसलं ते लिहायचं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

पुरणासाठी डाळ शिजत ठेवून वर्षाराणी दारात बैल बघायला आली. दोन मिनिटं. परत गेली तर स्वयंपाकघराचं दार लागलेलं. आतून कडी. आत कुणी नाही.

मी धक्के मारले, खांदा सुजला. मागून जाऊन खिडकीतून बघितलं. ओटा मोकळा. शेगडी नाही, सिलिंडर नाही, फ्रीज नाही, भांडी नाहीत. भिंतीला एक खिळा आणि त्याला जानेवारीचं कॅलेंडर. ताबा घेतला त्या दिवशी मी बघितलं होतं अगदी तसं. कोपऱ्यात उषाबाईनं झाडून लावलेला केराचा ढीगसुद्धा.

ते कॅलेंडर मी स्वतः काढून फेकलं होतं.

सुतार आणला. पटाशी दाराच्या फटीत जाईना. तो म्हणाला, साहेब, हे दार न्हाई, भिंत हाय, उगं चेष्टा करून राह्यले का. पैसे न घेता गेला. जालन्यात सुतार पैसे न घेता जातो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सराफाकडं गेलो. मुखवटा मागितला, आहे त्या किमतीला परत घेतो म्हटलं. त्याच संध्याकाळी वितळवला म्हणाला. पैंजण झाले, विकलेही. नवा घडवायला मजुरी धरून पन्नास हजारांच्या वर. क्रेडिट कार्ड मशीनमध्ये घातलं, चाललं नाही. आमच्याच कंपनीच्या पोर्टलवर छोट्या कर्जासाठी अर्ज टाकला, एका मिनिटात नामंजूर. कारण लिहिलं होतं, परतफेडीची क्षमता नाही. हे वाक्य मी हजार जणांना ऐकवलंय. ऐकताना एवढं लहान वाटतं हे माहीत नव्हतं.

मग बाजारातून चांदीच्या रंगाचा पत्र्याचा एक मुखवटा घेतला. नव्वद रुपये. थोरलीला काय कळतंय. सात महिने बंद पेटीत होती.

जेवण हॉलमध्येच, शेजाऱ्याकडून आणलेल्या स्टोव्हवर. गाडी धुणाऱ्या शेजाऱ्याकडून. देताना त्यानं माझ्याकडं जसं बघितलं तसं मी लोकांकडं बघतो.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

सकाळी बेडरूम गेली.

वर्षाराणी केस विंचरत होती, पावडर घ्यायला हॉलमध्ये आली आणि मागं कडी वाजली. खिडकीतून बघितलं. कपाट नाही, पलंग नाही, तिच्या साड्या नाहीत, दागिन्यांच्या गहाणाच्या पावत्या नाहीत. फरशीवर पावलं मात्र होती. खोलीभर. चारही कोपऱ्यांत जाऊन आलेली.

वर्षाराणी अंगावरच्या साडीनिशी केदारखेड्याला गेली. जाताना म्हणाली, उषाबाईचे पाय धरा, सगळं खरं सांगा, थोरली त्यांच्या स्वाधीन करा. घर गेलं तरी चालेल. मी म्हणालो, घर गेलं तरी चालेल हे तुझ्या बापानं घेऊन दिलं असतं तर म्हणावं. बस स्टँडपर्यंत सोडायला गेलो नाही.

दिवसभर कॉलनीत आरत्या चालू होत्या. मी सतरंजीवर बसून होतो. माळा बरोबर डोक्यावर येतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पेटी उतरवली. थोरलीला लाल फडक्यात गुंडाळून, पत्र्याची धाकटी पिशवीत घालून स्टेशनमागं गेलो. दहा बाय दहाची खोली. कडूबा खाली बघत बसलेला, उठलासुद्धा नाही. उषाबाईनं फडकं उघडलं, पत्र्याच्या मुखवट्याला नुसतं एक बोट लावलं आणि विचारलं, धाकटी कुठंय?

मी म्हटलं, हीच ती. तिनं परत विचारलं. मी म्हटलं, कंपनीत आहे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खरं निघालं तोंडातून. इतकं बारीक निघालं की मलाच नीट ऐकू आलं नाही.

ती रागावली नाही. डोळ्याला पदर लावला, थोरलीच्या झिजलेल्या नाकावरून अंगठा फिरवला आणि फडकं परत बांधून माझ्या हातात दिलं. म्हणाली, एकटी थोरली मी कशी घेऊ, साहेब? आम्हाला एकच खोली हाय. तिला फिरायला जागा कुठंय?

आणि दार लावलं. मी आयुष्यभर लोकांची दारं लावली, माझ्या तोंडावर कुणी लावलं नव्हतं. वसुली अधिकारी भागवतराव कडूबाच्या दारात उभे! मलाच माझी कीव — कीव नाही. किळस.

येताना पितळेचा मुखवटा रिक्षात सीटखाली ठेवला आणि उतरलो. मुद्दाम.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दार उघडलं. ती हॉलच्या मधोमध. फडकं नाही.

तोंड स्वयंपाकघराकडं. पाणी प्यायला बाहेर जाऊन आलो. तोंड बेडरूमकडं. भारतचा फोन घेतला. बँकेनं त्याला बोलावलंय, सप्टेंबरचं काय म्हणून विचारतात. सदतीस हजारांतले उरलेले खात्यातच होते, मी म्हटलं. तो म्हणाला, बँकवाले म्हणतात खात्यात शून्य हाय, दाजी. बघितलं. शून्य. कुठं गेले ते लिहिलेलं नाही. नुसतं शून्य.

फोन ठेवला. वळून बघितलं.

तोंड माझ्याकडं.

३० ऑगस्ट, शनिवार

ऑफिसला गेलो नाही. साहेबांनी निरोप ठेवला — लिलावातलं घर कुणाच्या नावावर घेतलं, ते कळलंय म्हणे. सोमवारी खुलासा द्या.

इथून निघून का जात नाही? हे वर्षाराणीनं फोनवर विचारलं. मी हसलो. जायचं कुठं? खोली घ्यायची तर अनामत लागते. वाटूरला जायचं तर आईला काय सांगू, दळिद्राला घाबरून पळालो? आणि घर सोडलं म्हणून हप्ता सोडतो का? पंधरा वर्षं, दर दहा तारखेला. ज्या घरात पाय ठेवायची सोय नाही त्याचा. हेच मी लोकांना सांगायचो — घर गेलं तरी बाकी राहतेच, काका, समजून घ्या.

ती वाटच बघते आहे. घाई नाही तिला. आम्हीपण घाई करत नसतो. नोटीस, मग दुसरी नोटीस —

हॉलच्या अर्ध्या भागात पावलं. अर्धा माझा.

३१ ऑगस्ट, रविवार

आज आवाहन. वर्षाराणीला फोनवर म्हटलं ये, एक विचारायला लागते, एक सांगायला. ती नुसती रडली. मग मी एकट्यानं करायचं ठरवलं. पिठात मूठ बुडवून पावलं काढली. मला येत नाहीत, मुठीची मूठच दिसते.

दिवे लागले. कॉलनीत घरोघर ताटं-पळ्या वाजायला लागल्या. उंबऱ्यावर दोघींना ठेवलं. पितळेची, पत्र्याची. दोन्ही हातांत घेऊन आत आलो. मोठ्यानं म्हटलं, महालक्ष्मी आली, सोन्याच्या पावलांनी आली —

डावा हात हलका झाला. पत्र्याची धाकटी फरशीवर. चेपलेली. मी टाकली नाही —

उजव्या हातात काही नाही.

बाहेरची ताटं थांबली. सगळी, एकदम.

दार — दाराच्या फटीत आता लाख आहे. लाल. ओली. अंगठ्याचा ठसा माझा.

स्वयंपाकघराची कडी निघाली. आतून. बेडरूमची निघाली. जोडव्याचा आवाज. एकाच पायाच्या जोडव्याचा नाही, दोन्ही. ती चालते आहे. भिंतीला धरून, म्हाताऱ्या बाईनं चालावं तसं. रागानं नाही. दमून.

सतरंजीपर्यंत. मी कोपऱ्यात. डायरी गुडघ्यावर. पावलं उमटतात ती दिसतात — पाय दिसत नाहीत —

चुकलं माझं म्हटलं. ताई म्हटलं तिला. आई म्हटलं. काही नाही. ती एवढंच विचारते —

इथं काय हाय?

परत —

इथं काय हाय?

उत्तर द्यायला लागतं. राशी म्हणायचं असतं, लेकीसुना म्हणायचं — मला एकच लिहिता येतं —

हॉल. सतरंजी एक. स्टोव्ह एक, शेजाऱ्याचा. पत्र्याचा मुखवटा एक, चेपलेला. डायरी एक.

पुरुष एक, वय एकेचाळीस.

किंमत —